कंडक्टरबाईंचं पाळणाघर

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराणाची यादी आणि पाळणाघरातल्या पोरांची नावं. ज्याला हे वाचताना त्रास होईल त्याने माफ करावं. खरं तर ही वही मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे, म्हणजे माफ करायला कोणी येईल असं वाटत नाही. पण बाईंबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. सांगायला गेले तर मला जमत नाही. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच बसून राहतो.

बाई वीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होत्या. गुडघे गेले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि नवीन पनवेलला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन पाळणाघर काढलं. मी विचुंब्याहून चालत यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. "कुठून?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "विचुंबे." तेव्हापासून माझं नाव विचुंबे. "विचुंबे, पाणी आण." "विचुंबे, दार लाव." माणसं गावाच्या नावाने लक्षात ठेवायची त्यांची सवय गेली नव्हती. पोरांच्या आयांनाही त्या कामोठे, सुकापूर, खांदा कॉलनी अशाच हाका मारायच्या. कामोठे जरा नाराज असायची, कारण ती डॉक्टर होती.

पाळणाघराच्या दारावर एक पत्र्याची पाटी होती. गाडीच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाकडूनच बाईंनी ती करून घेतली होती. वर लिहिलं होतं, "वय दीड ते तीन." खाली लाल अक्षरांत, "दोन महिन्यांत पोर कोरडं. नाहीतर फी परत." आमच्याकडे मुलं यायची ती त्या लाल ओळीमुळे. पनवेलमध्ये पाळणाघरं खूप आहेत. पण मुलाला शू सांगायला शिकवून देतो असं छातीठोक लिहिणारं दुसरं नव्हतं.

बाईंकडे डायपर चालत नसे. नवीन मूल आलं की त्या दारातच म्हणायच्या, "लगेज खाली ठेवा." आई गोंधळून खांद्यावरची बॅग खाली ठेवायची. "ती नाही, ते," असं म्हणून बाई पोराच्या कमरेकडे बोट दाखवायच्या. मग आई तिथेच पायरीवर बसून डायपर काढायची आणि पोर आयुष्यात पहिल्यांदा हलकं होऊन घरभर पळत सुटायचं.

आत भिंतीला लागून सात पॉट्या मांडलेल्या असत. प्रत्येकीच्या मागे भिंतीवर एक छोटी पाटी. पेण, अलिबाग, रोहा, माणगाव, महाड, मुरुड, कर्जत. ज्याची पॉटी त्याला पाठ. एकदा एका मुलाचे बाबा मला दारात गाठून विचारायला लागले, "आमचा रोज सकाळी उठून अलिबागला जायचंय म्हणतो. तिकडे आमचं कोणीच नाही. कोण शिकवतं त्याला?" मला लाजेने सांगताच येईना. मी नुसतं आत बोट दाखवलं. ते आत डोकावले आणि हसतच ऑफिसला गेले.

बाईंच्या गळ्यात ती कंडक्टरची चामड्याची पिशवी दिवसभर असायची. सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात पावडरची डबी, नोटांच्या कप्प्यात घडी घातलेल्या छोट्या चड्ड्या. पोर पॉटीवर बसून आपलं काम करून उठलं की बाई त्याला तिकीट द्यायच्या. जुन्या कॅलेंडरचे कापलेले तुकडे, पण त्यांना चिमट्याने खरं भोक पाडून. पोरं ती तिकिटं मुठीत धरून झोपायची.

आणि कोणी चड्डीत केली तर? ओरडणं नाही, तोंड वाकडं करणं नाही. बाई घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "गाडी पंक्चर. होतं." मग मी फडकं आणायची, त्या चड्डी बदलायच्या, पोर पुढच्या खेळाला. काही दिवसांनी पोरं स्वतःच येऊन सांगायला लागायची, "बाई, पंक्चर." मग पंक्चर व्हायच्या आधी सांगायला लागायची. एवढाच तो मंत्र होता. मला वाटायचं आणखी काहीतरी असेल. नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या सगळ्या आयांना बजावून सांगायच्या. "लागली का, असं पोराला विचारायचं नाही. गाडीत झोपलेल्या माणसाला उतरायचंय का विचारा, तो नाहीच म्हणतो, आणि पुढच्या थांब्याला बोंबलतो. म्हणायचं, चल. बस. येऊ दे नाहीतर नको येऊ दे."

प्रवासाला निघणाऱ्या आया मुद्दाम त्यांचा सल्ला घ्यायला यायच्या. बाई स्टुलावर बसून डोळे मिटायच्या आणि रस्ता बघितल्यासारखं सांगायच्या. "अलिबागला चाललीस ना? निघायच्या आधी एकदा बसव. पेणला डेपोत उतर, गर्दी असली तरी उतर. वडखळच्या पुढे डाव्या हाताला हॉटेल आहे, मालकीण चांगली आहे, पोरासाठी म्हटलं की नाही म्हणत नाही. दाराजवळची सीट धर. पॉटी पिशवीत घाल, वर टाकू नकोस, पायाशी ठेव. तीन चड्ड्या घे. पाणी बंद करू नकोस पोराचं, घोट घोट दे." वीस वर्षांत त्यांनी रस्त्यावरच्या देवळांपेक्षा संडास-मोऱ्या जास्त लक्षात ठेवल्या होत्या.

का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघी चड्ड्या वाळत घालत होतो. म्हणाल्या, "मी सकाळी पाचला घरून निघायचे. पाणीच प्यायचे नाही, म्हणजे प्रश्न नको. वीस वर्षं दाबून ठेवली. शेवटी मूतखडा झाला, ऑपरेशन झालं. बाईमाणसाला लहानपणापासून सांगतात, थांब, आता नको, लोक बघतील. ही पोरं तरी वेळेवर मोठ्याने सांगायला शिकू देत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूपण तशीच. दुपारपर्यंत जात नाहीस. बघते मी." मी खाली मान घातली. ते खरं होतं.

लग्नाचं विचारलं तर म्हणायच्या, "झालं होतं. पहिल्याच थांब्याला उतरला." त्यापुढे कोणी विचारायचं धाडस करत नसे.

दुपारी एक ते तीन शांततेची वेळ. सात पोरं दोन सतरंज्यांवर ओळीने. आयांचे फोन आले तर आवाज होऊ नये म्हणून बाई आपला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला की गुडघे धरत जिना चढून जायच्या आणि सांगायच्या, "चटणी तीननंतर." मग दाराशी, पोरांकडे तोंड करून बसायच्या. या दोन तासांत सगळी गंमत होती. मूल गाढ झोपलं की तिथेच भिजवतं. म्हणून मधेच एकेकाला उठवायला लागतं, पण दुसरी उठता कामा नयेत. बाईंना ते दिसायचं. कोणाची टाच हलली, कोण भुवई उचलतंय. गर्दीच्या गाडीत पुढच्या थांब्याला कोण उतरणार ते चेहऱ्यावरून कळायचं म्हणे, तसंच. त्या वाकून बरोबर त्याच पोराच्या कानात म्हणायच्या, "रोहा आलं." पोर डोळे न उघडता हात वर करायचं.

मला ते कधी दिसलं नाही. मला सगळी झोपलेली पोरं सारखीच दिसायची.

मग बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. त्या ऑपरेशन करून माणगावच्या बाजूला बहिणीकडे तीन आठवडे राहिल्या. सकाळी शेजारची एक मुलगी मदतीला यायची, बारा वाजता जायची. दुपार माझ्यावर. जाताना बाई म्हणाल्या, "विचुंबे, गाडी तुझ्या हातात." पहिल्याच दिवशी सातांपैकी पाच पंक्चर. दोन्ही सतरंज्या, चादरी, सगळं ओलं. मी पोरांच्या कानात "रोहा आलं" म्हणायची, पण माझा आवाज पोरांच्या कानातसुद्धा पोहोचत नसे. मोठ्याने म्हणायला गेले की सगळी एकदम उठून रडायची. घरी सासूबाई म्हणाल्या, "तू तं कोंबड्यांना पन हाकलीत नाय नीट, पोरांना काय उठवशील?" त्या खोटं बोलत नव्हत्या.

दारावरच्या खुंटीला एक पितळेची घंटी टांगलेली होती. एक जुनी गाडी भंगारात गेली तेव्हा बाईंच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने भंगारवाल्याकडून ती विकत घेऊन त्यांना दिली होती. तिला दोरीसुद्धा तशीच होती. त्या घंटीला कोणी हात लावायचा नाही असा नियम होता. तिसऱ्या दिवशी मी लावला. दोन वाजता अगदी हळू दोरी ओढली. टिंग टिंग. झोया नावाची अडीच वर्षांची मुलगी डोळे चोळत उठून बसली. मी तिला उचलून पॉटीवर बसवलं. झालं. दुसऱ्या दिवशी दोन मुलं उठली. आठवड्याने घंटी वाजली की सातही पोरं, रडं नाही, गडबड नाही, आपली उठायची, आपापल्या गावाला जाऊन बसायची, करायची, आणि परत येऊन झोपायची. मला एक शब्द बोलावा लागत नव्हता. इतकं सुख मला कामात कधी मिळालं नव्हतं.

बाई काळा चष्मा लावून परत आल्या. सतरंज्या हातांनी चाचपून बघितल्या. सगळ्या कोरड्या. म्हणाल्या, "माझ्याशिवाय गाडी चालवलीस की गं." मी घंटीचं सांगणार होते. पण कोणी माझं कौतुक केलं की मला बोलताच येत नाही. त्या दिवसापासून मी घंटीला हात लावला नाही. दुपारी परत बाई दाराशी बसायला लागल्या आणि सगळं पहिल्यासारखं चालू झालं. मला वाटलं, विषय संपला.

झोयाचे अब्बा कुवेतला कामाला. अम्मी इथे एका शाळेच्या ऑफिसात, घरात सासूबाई. मुरुडला त्यांच्याकडे एक निकाह होता. झोयाचे आमच्याकडे तेव्हा दोन महिने पुरे होत आले होते आणि ती एकदम तयार होती. स्वतः सांगायची, स्वतः चड्डी खाली करायची. अम्मीने बाईंना विचारलं, "डायपर घालू की नको?" बाई म्हणाल्या, "घालशील तर माझ्या पाटीला काय अर्थ?" आणि तिला मुरुडपर्यंतचे सगळे थांबे सांगितले.

तीन दिवसांनी अम्मी झोयाला घेऊन आली, ती आत आलीच नाही. दारातच उभी राहून हळू आवाजात बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाई, तुमच्या भरवशावर निघाले मी. डायपर घरी ठेवला. डेपोतून गाडी सुटली, घंटी वाजली, आणि हिने सासूबाईंच्या मांडीवर केली. म्हटलं जाऊ दे, लहान आहे. पुढच्या स्टॉपला घंटी वाजली, परत थोडी. मग परत. पेण येईपर्यंत सासूबाईंचा नवा ड्रेस गेला, माझी ओढणी गेली, शेजारच्या काकांच्या धोतराची घडी गेली. आणि ही रडतसुद्धा नाही हो. घंटी झाली की शाबासकी मागितल्यासारखी माझ्याकडे बघते. शरम वाटली मला सगळ्या गाडीत. सासूबाई म्हणतात, उद्यापासून पाठवू नको."

मी हातात ओलं फडकं घेऊन मागे उभी होते. मला त्याच क्षणी कळलं.

बाईंना नाही कळलं. त्या म्हणाल्या, "गाडीला घाबरली असेल." मग स्वतःच मान हलवली. "नाही. शिकली असती तर गाडीत पण सांगितलं असतं. दोन महिने झाले." त्या आत गेल्या, डब्यातून पैसे काढले आणि दोन महिन्यांची सगळी फी, सात हजार रुपये, अम्मीच्या हातावर ठेवली. अम्मी नको नको म्हणत होती. बाई म्हणाल्या, "पाटीवर लिहिलंय." मग खुर्ची घेऊन वर चढल्या आणि पाटी उतरवली.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. बाई पोरांना तिकिटं द्यायला विसरायच्या. पंक्चर झालं तर काहीच म्हणायच्या नाहीत. कामोठेने विचारलं, "पाटी कुठे गेली?" तर म्हणाल्या, "रंगवायला दिली." आणि मला एकटीला म्हणाल्या, "डोळे गेले गं माझे. ऑपरेशन झालं पण दिसत नाही. कोणतं पोर तयार आहे, कोणतं नाही, आता कळत नाही मला. या महिन्याअखेर बंद करावं म्हणते." मी घरी जाऊन जेवले नाही. मी बोलले तर माझं काम जाणार होतं. न बोलले तर बाई स्वतःला आंधळी समजून पाळणाघर बंद करणार होत्या. रस्त्याने येताना मी सगळं वाक्य तयार करायची, दारात पोहोचले की विसरायची.

पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता मी खुंटीजवळ गेले. बाई दाराशी बसून होत्या, डोळे मिटलेले. सहा पोरं झोपलेली. मी दोरी ओढली. टिंग टिंग.

सहाच्या सहा पोरं उठली. डोळे अर्धे मिटलेले, केस उभे. एका ओळीत चालत गेली. पेण पेणवर बसलं, महाड महाडवर. खोलीत नुसता सहा पॉट्यांचा आवाज. मग उठली, चालत आली, आडवी झाली. तिकीटसुद्धा मागितलं नाही कोणी.

बाईंनी डोळे उघडले होते. घंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तीन आठवडे?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "मना उठवता येत नव्हती," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

बाई हसायला लागल्या. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला, तरी खुर्ची हलत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वीस वर्षं मी घंटी वाजवली विचुंबे. एक माणूस माझ्या घंटीला इतका शिस्तीत उतरला नाही." मग पदराने तोंड पुसलं आणि चेहरा सरळ केला. "माझे डोळे चांगले आहेत म्हणजे."

"हाय. चांगले हायत," मी म्हटलं.

"बरं. पण माझे सात हजार गेले."

"मी देईन."

मला वाटलं त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "देशीलच. महिन्याला पाचशे. आणि घंटी तू शिकवलीस, आता विसरायला पण तूच लाव."

विसरायला लावायचं कसं, ते बाईंनीच सुचवलं. दिवसातून दहा वेळा घंटी वाजवायची आणि प्रत्येक वेळी पोरांच्या हातावर कुरमुरे ठेवायचे. पॉटीजवळ न्यायचंच नाही. शूसाठी मी तोंडाने बोलायचं, मोठ्याने. पहिले दोन दिवस पोरं कुरमुरे खात खात तिथेच करायची. फरशी पुसून माझे हात सोलले. चौथ्या दिवशी घंटी वाजली आणि सगळ्यांनी नुसते हात पुढे केले.

मग बाई मला घेऊन झोयाच्या घरी गेल्या. तिथे बोलायचं मीच होतं. बाई माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिल्या, एक शब्द मदत केली नाही. मी अम्मीला आणि तिच्या सासूबाईंना सगळं सांगितलं, अम्मीच्या ओढणीचं टोक बघत, अडखळत. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पोरीत ऐब नाही ना?" मी म्हटलं, "नाय आजी, ऐब माझ्यात." त्या म्हणाल्या, "मग चहा घे." झोया दुसऱ्या दिवसापासून परत यायला लागली, आणि घंटीला कुरमुरे तिलाही सुरू झाले.

पंधरा दिवसांनी एका रविवारी परीक्षा झाली. पनवेल डेपोतून शिरढोणपर्यंत आणि परत, लाल गाडीने. चार पोरं, झोयाची अम्मी, मी आणि बाई. चढताना बाईंनी सांगितलं, "आज मी प्रवासी आहे," आणि मागे तीन सीट सोडून जाऊन बसल्या. गाडी भरलेली. कंडक्टर तरुण होता, बाईंना ओळखत होता. त्याने दोरी ओढली. टिंग टिंग. अम्मीने डोळे मिटून घेतले.

चारही पोरांनी हात पुढे केले.

मी प्रत्येकाच्या हातावर कुरमुरे ठेवले. पुढच्या थांब्याला टिंग, परत चार हात. टिंग टिंग, परत चार हात. तिसऱ्या थांब्याला एक म्हातारबाबा म्हणाले, "कंडक्टर, आमाला कंदी मिलाचा परसाद?" तेव्हा सगळी गाडी हसली आणि मग कंडक्टर गंमत म्हणून उगाच घंटी वाजवायला लागला. शिरढोणला पोचेपर्यंत अर्धा किलो कुरमुरे संपले. चड्ड्या चारही कोरड्या. थांब्याजवळ बाईंच्या ओळखीचं एक घर होतं, तिथे मी एकेकाला बसवून आणलं.

परत येताना पळस्प्याला गाड्यांची रांग लागली. झोयाने माझा पदर ओढला. "शू." तोंडाने सांगितलं तिने. मी कंडक्टरकडे बघितलं, तो पार पुढे. मी म्हटलं, "दादा." कोणालाच ऐकू गेलं नाही. मागे बघितलं तर बाई खिडकीबाहेर बघत होत्या. झोया म्हणाली, "लवकर." मग काय झालं मला माहीत नाही. मी उभी राहिले आणि ओरडले, "कंडक्टरदादा, गाडी थांबवा, पोरीला शू लागली." ड्रायव्हरनेसुद्धा वळून बघितलं. गाडी तशीही उभीच होती. कंडक्टरने दार उघडलं, मी पिशवीतली पॉटी घेऊन उतरले, आणि झोयाने गाडीच्या आडोशाला शांतपणे केलं. परत चढले तेव्हा माझे कान तापले होते. पण कोणीच बघत नव्हतं. त्या म्हातारबाबांनी सरकून जागा दिली. सीटवर बसल्यावर मागून बाईंचा आवाज आला, "विचुंबे, पेणपर्यंत ऐकू गेलं."

सोमवारी पाटी परत दारावर लागली. त्याच दिवशी झोयाची अम्मी सात हजार रुपये परत द्यायला आली. बाईंनी हात लावला नाही. "दोन महिन्यांत कोरडं म्हटलं होतं. जवळजवळ तीन लागले. पैसे तुमचेच." अम्मीने खूप आग्रह केला, शेवटी एक डबाभर सांदणं ठेवून गेली. ती आम्ही खाल्ली. त्यामुळे माझे पाचशे चालूच राहिले. पगाराच्या दिवशी बाई पाकीट द्यायच्या, मी त्यातून एक नोट काढून त्यांना परत द्यायची. एकदाही त्या "राहू दे" म्हणाल्या नाहीत. एकदा सणाच्या महिन्यात मी गप्प राहिले, तर त्याही गप्प राहिल्या, आणि पुढच्या महिन्यात मी दोन दिल्या.

दहा नोटा झाल्या होत्या तेव्हा बाईंची बहीण आजारी पडली. तिला दुसरं कोणी नव्हतं. बाईंनी पाळणाघर बंद केलं, पोरं चांगल्या ठिकाणी लावून दिली आणि माणगावच्या बाजूला गावी राहायला गेल्या. पॉट्या मला दिल्या. आता विचुंब्याला आमच्या ओटीवर पाच पोरं येतात. मी त्यांना तोंडाने हाक मारते. सासूबाई म्हणतात, "आता जरा हलू बोल, माजे कान हायत."

उरलेले दोन हजार जमवायला मला पाच महिने लागले. लेक म्हणाली, "आई, मोबाइलवरून पाठव, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "नाय, हातात द्यायचे हायत." मी एकटी माणगावला गेले, तिथून रिक्षाने त्यांच्या गावी. बाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. बहीण आत झोपलेली. मला बघून त्यांनी सूप बाजूला केलं आणि जागा दिली. इकडचं तिकडचं बोललो. झोया शाळेत जाते, हे सांगितलं. मग मी ब्लाउजमधून रुमाल काढला आणि चार नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या.

रस्ताभर मला एकच भीती होती, की आता इतक्या दिवसांनी, इतक्या लांब आल्यावर, त्या माझ्या हातात परत कोंबतील. कोंबल्या असत्या तर ती चूक माझ्याकडेच राहिली असती, जन्मभर.

बाईंनी हात पदराला पुसले. नोटा उचलल्या, उजेडाकडे धरून एकेक बघितली, सावकाश मोजली. परत मोजली. घडी घालून कमरेला खोचली.

"फिटले," त्या म्हणाल्या, आणि निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.